जिना कोण चढणार?

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर सकाळी आठच्या सुमारास उभे राहावे, म्हणजे महाराष्ट्राच्या दुखण्यांची मोजदाद निराळी करावी लागत नाही. कोकणातून रात्रीच्या गाडीने उतरलेली माणसे, खानदेश-मराठवाड्यातून कागदपत्रांची पिशवी छातीशी धरून आलेले वृद्ध, कडेवर एक आणि बोटाला एक मूल घेऊन वाट पुसत चाललेल्या आया, असा हा लोंढा दररोज येथे येतो आणि केईएम, वाडिया, टाटा या तीन नावांत वाटला जातो. १९२६ साली केईएम रुग्णालय उघडले. त्याच वर्षी शेजारी नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभे राहिले. १९२९ साली बाई जेरबाई वाडिया यांच्या नावाने खास मुलांसाठी रुग्णालय झाले आणि १९४१ साली टाटा रुग्णालयाची भर पडली. हाफकिन संस्था तर या सर्वांच्या आधीपासून, म्हणजे १८९९ पासून, जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या वास्तूत नांदत आहे. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी केईएमच्या महाविद्यालयासाठी देणगी देताना, येथे शिकविणारे डॉक्टर हिंदी असतील, अशी अट घातली होती. परक्या राज्यात घातलेली ती अट कशी फळास आली, हे या रुग्णालयाच्या शंभर वर्षांच्या इतिहासात पानोपानी दिसते. मुंबईकरास याचा अभिमान वाटावा यात नवल नाही. आम्हांसही तो आहे.

तथापि आज आम्ही लिहिणार आहोत ते या दगडी वास्तूंविषयी नव्हे. लालबाग, नायगाव, दादर, गिरगाव येथील घराघरांत ज्या बाईला लोक ‘आरोग्य सेविका’ म्हणून ओळखतात आणि महापालिकेच्या दप्तरी जिची नोंद ‘व्हॉलंटियर’, म्हणजे स्वयंसेविका, अशी आहे, तिच्याविषयी लिहावयाचे आहे. १९८८ च्या सुमारास जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबईत वस्तीवस्तीतून आरोग्य केंद्रे निघाली, तेव्हा त्यांच्या जोडीला या स्त्रिया नेमल्या गेल्या. त्या बहुधा त्याच वस्तीतल्या. खांद्याला पिशवी, हातात वही, आणि ठरलेली घरे. कोणाच्या घरी दिवस गेले आहेत, कोणाचे मूल दीड महिन्याचे झाले, कोणाची नवव्या महिन्याची लस चुकली, कोणाचा खोकला पंधरा दिवस हटत नाही, हे तिने जाऊन पाहावयाचे, लिहावयाचे आणि त्या माणसास केंद्रापर्यंत आणावयाचे. पावसाळ्यात मलेरियाची पाहणी तिच्याकडे, पोलिओचे डोस तिच्याकडे. २०२० मध्ये सारे शहर दारे लावून बसले असता घरोघर ताप मोजत फिरण्याचे कामही तिच्याचकडे आले. या कामाबद्दल तिला मिळते ते मानधन. वेतन हा शब्द तिच्यासाठी नाही, कारण ती स्वयंसेविका! एका शब्दाच्या आडोशाने एवढी मोठी महापालिका इतकी वर्षे आपली जबाबदारी टाळू शकते, हे शब्दसामर्थ्याचे एक उदाहरणच म्हणावयाचे.

किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, प्रसूतिरजा अशा या स्त्रियांच्या मागण्या आहेत. त्यांसाठी त्यांनी आझाद मैदानाची वाट तुडविली आहे आणि न्यायालयांच्याही पायऱ्या झिजविल्या आहेत. त्यांतील शेवटच्या मागणीपाशी वाचकांनी क्षणभर थांबावे. शहरातल्या गर्भवतींनी वेळेवर नाव नोंदवावे, विश्रांती घ्यावी, सकस खावे, हे जी दारोदार सांगत हिंडते, तिलाच स्वतःच्या बाळंतपणासाठी रजा मागावी लागते.

ही मागणी मुंबईला नवी आहे असेही नाही. शंभर वर्षांपूर्वी याच गिरणगावात हा प्रश्न उभा राहिला होता आणि त्याचे उत्तर देण्यात मुंबई साऱ्या देशाच्या पुढे होती. ते कसे घडले, हे थोड्या विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण आजचे आमचे म्हणणे त्याच कथेत आहे.

मुंबईच्या चाळींचा जिना आरोग्याच्या नावाखाली सरकार प्रथम चढले ते १८९६ च्या प्लेगमध्ये. मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी रोग ओळखला आणि त्यानंतर घरझडत्यांचे सत्र सुरू झाले. रोगी दिसला की उचलावयाचा, सामान जाळावयाचे, नातलगांना छावणीत न्यावयाचे. लोकांनी काय केले? दारे लावून घेतली, रोगी माळ्यावर लपविले, आणि जमेल त्यांनी मुंबई सोडली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. नेलेले माणूस तेथून परत येत नाही, अशी त्यांची समजूत झाली होती. डॉ. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. लस होती, रुग्णालय होते, कायदा होता आणि शिपायांचा तर सुकाळ होता. नव्हता तो विश्वास, आणि विश्वासावाचून लसीच्या कुप्या कपाटात राहतात.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९२१-२२ मध्ये, मुंबई सरकारने गिरण्यांतील स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी करण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांना नेमले. त्या चाळींतून फिरल्या. जे त्यांनी पाहिले ते आजही वाचवत नाही. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर पंधरा फूट लांब आणि बारा फूट रुंद अशा एका खोलीत त्यांना सहा चुली दिसल्या. चुली सहा, म्हणजे कुटुंबे सहा. मुलेमाणसे मिळून तीस जीव. त्या सहा घरांतील तिघी जणी लवकरच बाळंत व्हावयाच्या होत्या. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. गिरणीत जाणाऱ्या शंभरांतील अठ्ठ्याण्णव बायका आपल्या तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देत होत्या. पाळणाघर नाही, रजा नाही, घरी कोणी माणूस नाही; भोंगा झाला की जावयाचे आणि दहा तासांनी यावयाचे; मग मूल निजलेले राहील याची सोय करण्यावाचून ती माउली काय करणार? वरच्या वर्गातील सुशिक्षितांनी तोपर्यंत ‘अडाणी बायका’ एवढाच शेरा मारून विषय संपविला होता. जिना चढून गेलेल्या एका बाईने दाखवून दिले की, हा अडाणीपणाचा प्रश्न नसून रजेचा आहे.

१९२१ साली मुंबईत एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजार जन्मांमागे ८२८ अर्भके दगावल्याची नोंद आहे. चार वा अधिक खोल्यांच्या घरांत हाच आकडा १३३ होता. पहिला आकडा जसाच्या तसा घेता येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कोकणातल्या किंवा घाटावरच्या बायका बाळंतपणाला माहेरी जात. जन्म तिकडे नोंदला जाई आणि मृत्यू इकडे, त्यामुळे मुंबईचे प्रमाण फुगे. पण ही सूट देऊनही जे उरते ते थोडे नाही. आणि या सूटीतच आजच्या काळासाठी एक सूचना दडलेली आहे: एका गावी जन्मलेले आणि दुसऱ्या गावी वाढणारे मूल दोन्हीकडच्या वह्यांतून निसटते. तिकडे आम्ही पुढे येऊच.

डॉ. बार्न्स यांच्या चौकशीनंतर सात वर्षांनी, १९२९ साली, मुंबई इलाख्यात प्रसूती-लाभ कायदा झाला. हिंदुस्थानातील हा अशा तऱ्हेचा पहिला कायदा. १९२८ मध्ये विधिमंडळात त्याची पाठराखण करताना डॉ. आंबेडकरांनी, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, अशी भूमिका मांडली होती. परळला मुलांचे रुग्णालय उघडले तेही याच १९२९ मध्ये. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी झाल्या. रुग्णालय आम्हांस आठवते, कायदा आठवत नाही. (अग्रलेख लिहिणाऱ्यांनाही इमारतींचेच कौतुक अधिक, हे येथे कबूल करावयास हवे.) मूल आजारी पडल्यावर त्याला वाचविणारी जागा आणि मूल आजारी पडू नये म्हणून त्याच्या घरापर्यंत जाणारी माणसे, या दोहोंपैकी पहिलीकडे शहराचे लक्ष जाते, दुसरीकडे जात नाही. जानेवारी २०२० मध्ये वाडिया रुग्णालयाचे अनुदान थकले आणि नवे रुग्ण घेणे थांबले, तेव्हा परळला लोक रस्त्यावर आले, उच्च न्यायालयाने शासनाला खडसावले आणि काही दिवसांतच पैसे सुटले. ते झाले हे उत्तमच. परंतु लालबागच्या एखाद्या आरोग्य केंद्रातील सेविकेची जागा रिकामी राहिली, तर तिच्यासाठी कोणी रस्त्यावर येत नाही. कारण तिच्या न येण्याने त्या दिवशी काहीच घडत नाही. घडते ते दोन वर्षांनी.

ते कसे घडते हे २०२२ च्या अखेरीस मुंबईने पाहिले. कोविडच्या काळात नियमित लसीकरणाची घडी विस्कटली. सेविका तापाच्या पाहणीत गुंतल्या, माणसे गावी गेली, दवाखान्याची भीती बसली. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडीच्या वस्त्यांत गोवर भडकला. मुले दगावली, केंद्र सरकारचे पथक आले, आणि नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना जादा मात्रा देण्याची मोहीम काढावी लागली. गोवर हा अत्यंत संसर्गजन्य रोग. शंभरांतील पंचाण्णव मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्यावाचून त्याची साखळी तुटत नाही. नव्वदांवर समाधान मानणाऱ्यास तो माफ करीत नाही. गोवंडी कोठे आणि दादर कोठे, असे शिवाजी पार्कवर फिरावयास जाणाऱ्या गृहस्थास वाटले असेल. पण ती मुले उपचाराला आणली गेली ती चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयातच. ज्या आर्थर रोडच्या रुग्णालयावर १८९६ मध्ये जमाव चालून गेला होता, तेच हे. शिवाय गोवंडी-मानखुर्दच्या अनेक वसाहती वसल्या आहेत त्या शहराने रस्ते आणि रेल्वे रुंद करताना जागोजागहून हलविलेल्या कुटुंबांनी. आपल्या अंगणातून उचलून दूर नेऊन ठेवलेल्या माणसांचे मूल आजारी पडले, तर तो ‘तिकडचा’ प्रश्न ठरत नाही.

माणसे हलविणे हे आता गिरणगाव आणि गिरगाव यांचे रोजचे वास्तव झाले आहे. २००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजार होती. २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजारांवर आली. दहा वर्षांत अडीच लाख माणसे उणी झाली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, गिरण्यांच्या जागी मनोरे आले, आणि आता चाळींची पाळी आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबास ५०० चौरस फुटांचे घर मिळावे, याचा आनंद कोणास होणार नाही? चाळीचे गोडवे गाणाऱ्यांत आम्ही नाही. वर दिलेले १९२१ चे आकडे ज्याने वाचले, त्याला सामाईक गॅलरीवर काव्य सुचणार नाही.

पण त्या गॅलरीचा एक उपयोग होता, तो नोंदविला पाहिजे. आरोग्य सेविका चाळीच्या मजल्यावर आली की पहिल्या खोलीतली म्हातारीच सांगे, ‘अगं, आठ नंबरवालीची सून माहेराहून आलीय, लेकरू घेऊन, आणि बाराव्या खोलीतल्या पोराला काल रात्रभर ताप होता.’ एका फेरीत चाळीस घरांची खबर लागे. मनोऱ्यात बाविसाव्या मजल्यावरच्या मुलाला ताप आहे हे तेविसाव्या मजल्याला ठाऊक नसते. सेविकेला तर फाटकावरच अडविले जाते. कोणाकडे जायचे, कशाला जायचे, फोन करून विचारतो, थांबा. वरून उत्तर येते की आमचे डॉक्टर आहेत, गरज नाही. पोलिओच्या फेऱ्यांतही बड्या इमारतींचा हाच अनुभव येत असे. हा नकार सुशिक्षित मध्यमवर्गाचा आहे, म्हणजे हे पत्र वाचणाऱ्यांचा आणि लिहिणाऱ्यांचाही. आमच्या मुलाला खाजगी डॉक्टरने लस दिली असेल, तर ती तिच्या वहीत नोंदवून घेण्यास दोन मिनिटे लागतात. दिली नसेल, तर ते शहराला कळणे अवश्य आहे. आणि त्याच घरात भांडी घासावयास, स्वयंपाक करावयास, मूल सांभाळावयास जी बाई येते, तिच्या घरी मुले आहेत. फाटकावरचा पहारेकरी सेविकेला थोपवू शकतो, गोवराला नाही.

याहून बिकट अवस्था मधल्या काळातली. चाळ रिकामी होते आणि नवी इमारत उभी राहते, यांत चार वर्षे जातात, कधी आठ, कधी पंधरा. कुटुंब संक्रमण शिबिरात जाते, नाहीतर भाड्याचे पैसे घेऊन डोंबिवली, बदलापूर, विरार असे पांगते. त्या अवधीत जन्मलेल्या मुलाची नोंद कोठे? एफ दक्षिण विभागातल्या वहीत त्या घरापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा बसतो आणि तो शेरा बसला की त्या विभागाचे काम संपते. नव्या ठिकाणच्या वहीत ते मूल आपोआप चढत नाही. शंभर वर्षांपूर्वी माहेर आणि मुंबई यांच्यामध्ये निसटणारे मूल आज दोन विभाग कार्यालयांच्या, किंवा दोन महापालिकांच्या, मध्ये निसटते.

केंद्र सरकारची ‘यू-विन’ ही संगणकीय नोंदणी आता झाली आहे. तिच्यामुळे मूल कोठेही गेले तरी त्याची लस नोंदली जाते, असे यावर कोणी म्हणेल. व्यवस्था चांगली आहे, यात शंका नाही. परंतु आलेल्या मुलाची नोंद तिच्यात होते. न आलेल्या मुलाच्या घरी जाऊन ‘का आला नाहीत?’ असे विचारणे संगणकास जमत नाही. ते विचारावयास जिना चढावा लागतो, अगदी उद्वाहक असला तरी.

आणखी एक लोक आहेत, ज्यांना आपण पाहूनही पाहत नाही. चाळ पाडून मनोरा बांधणारे मजूर. विटा-सिमेंटच्या त्या पसाऱ्यात त्यांची मुले राहतात. इमारत वीस मजले वर जाईपर्यंत एखादे मूल तेथे जन्मून चालू लागलेले असते, आणि काम संपले की ते कुटुंब ज्या विभागाच्या कोणत्याच यादीत नव्हते त्या विभागातून निघून जाते. मुंबई मोबाइल क्रेशेस ही संस्था १९७२ पासून बांधकामांवरच्या मुलांसाठी पाळणाघरे चालवीत आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसविला होता आणि पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघराची सक्तीही केली होती. लालबाग-परळच्या टोलेजंग बांधकामांपैकी किती ठिकाणी हे पाळणाघर दिसते, ते महापालिकेच्या अधिकाऱ्यांनी एकदा फिरून पाहावे. इमारतीस प्रत्येक टप्प्यावर परवाना देणारे तेच आहेत; परवाना देण्यापूर्वी मुलांचे काय, असा एक प्रश्न विचारावयास कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

मग करावयाचे काय? सर्वांत आधी ‘स्वयंसेविका’ हा शब्द रद्द करावा. जिच्या कामाची रोज हजेरी घेतली जाते, जिला घरे नेमून दिली जातात, जिला आणीबाणीच्या काळी घरी बसण्याची मुभा नसते, ती कर्मचारी आहे. तिला वेतन, निधी आणि रजा हे सारे मिळाले पाहिजे. पैशाची अडचण सांगितली जाईल. २०२५-२६ चा महापालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांहून अधिक होता, आणि आरोग्यावरच्या खर्चाचा मोठा वाटा बड्या रुग्णालयांकडे गेला. तो त्यांच्याकडून काढून घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. केईएमच्या व्हरांड्यात जमिनीवर निजलेले रुग्ण ज्याने पाहिले तो असे म्हणणार नाही. पण वस्तीतला दवाखाना रिकामा आणि केईएमचा बाह्यरुग्ण विभाग तुडुंब, ही स्थिती जोवर आहे, तोवर रुग्णालयाला दिलेला प्रत्येक रुपया कमीच पडणार.

दुसरे, वेळेचे. लसीकरणाचे सत्र बहुधा सकाळचे असते. गिरणीचा भोंगा बंद झाला, पण गिरणगावची बाई घरी बसलेली नाही. ती दुकानात उभी आहे, कार्यालयात आहे, चार घरची कामे करीत आहे. एका लसीसाठी तिचा एका दिवसाचा रोज बुडतो. २०२२ च्या नोव्हेंबरात ‘आपला दवाखाना’ रात्री दहापर्यंत उघडा ठेवण्याची योजना निघाली, ती कल्पना रास्त होती. मग मुलांची लसही आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी आणि रविवारी का मिळू नये?

आणि तिसरे, जागेचे. पुनर्विकासाच्या प्रत्येक मोठ्या प्रस्तावात मोटारी कोठे उभ्या राहतील याचा हिशेब फूटपट्टीने होतो. त्याच नकाशात तळमजल्यावर आरोग्य केंद्राच्या दोन खोल्या दाखविल्याशिवाय मंजुरी मिळू नये. चाळ रिकामी करण्याच्या दिवशी प्रत्येक कुटुंबातील पाच वर्षांखालील मुलांची आणि गर्भवतींची यादी तयार व्हावी, आणि ते कुटुंब जेथे जाईल तेथील आरोग्य केंद्राकडे ती पोचल्याची पावती विकासकाच्या कागदपत्रांना जोडलेली असावी. भाड्याच्या धनादेशाची पावती जोडली जाते, तशीच ही. यात कोणाचे नुकसान नाही, खर्चही नगण्य आहे.

हे सारे विचारावयाचे कोणी? मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात आरोग्य समितीही नव्हती. नगरसेवक म्हटला की त्याची चेष्टा करण्याची सुशिक्षितांना सवय आहे. परंतु विभागातल्या आरोग्य केंद्रात परिचारिका का नाही, असा प्रश्न सभागृहात उभे राहून विचारणारा तोच असतो, हे त्या वर्षांत जाणवले. महापालिकेचा अर्थसंकल्प दरवर्षी फेब्रुवारीच्या आरंभी मांडला जातो. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथून निवडून जाणाऱ्यांनी तेथे आरोग्य खात्याला एवढेच विचारावे: तुमच्या विभागात मंजूर सेविका किती, प्रत्यक्षात किती, आणि गेल्या पाच वर्षांत पाडलेल्या चाळींतली मुले आज कोणाच्या वहीत आहेत? उत्तर आले तर ते आम्ही याच जागी, पहिल्या पानावर छापू.